विलायती बाईचा नळ

आमचं लातूर जिल्हा झालं आणि पाऊस बेपत्ता झाला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीतरी संबंध असला पाहिजे, असं आमच्या गल्लीतल्या जाणत्यांचं ठाम मत होतं. जिल्हा मागायला गेलेल्यांनी कचेऱ्या मागितल्या, साहेब मागितले, लाल दिव्याची गाडी मागितली, पाणी तेवढं मागायचं राहिलं, असं समोरच्या ओट्यावर बसणारे वीरभद्रअप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. बाकी जिल्ह्याची नवलाई अशी की विचारू नका. न्हाव्यानं आरशाला गेलेला तडा तसाच ठेवून बाहेर ‘जिल्हा केशकर्तनालय’ अशी पाटी लावली. चहावाला कानतुटक्या कपातून ‘जिल्हा चहा’ द्यायला लागला. आमच्या गल्लीतलं काळं कुत्रं आधी उस्मानाबादकडं तोंड करून भुंकायचं, ते आता जागच्या जागी भुंकायला लागलं, कारण मुख्य ठिकाण इथंच आलं होतं. आणि ह्या सगळ्या थाटामाटात नळ सोडला की आधी शीळ यायची, मग खोकला यायचा, मग एक झुरळ पडायचं, आणि झुरळसुद्धा कोरडं. टँकर आला की हंड्यांची रांग पार मारुतीपर्यंत जायची. माणसं सावलीला आणि हंडे उन्हात. त्या वर्षी महादेवाच्या देवळात पिंडीवर उन्हाळ्यात टांगायची गळतीसुद्धा गुरवानं टांगली नाही. तळाशी भोक पाडलेलं ते तांब्याचं भांडं, ज्यातून थेंब थेंब पाणी देवावर पडत राहायचं, ते कोरडंठाक खुंटीला लटकत होतं. देवानं सोसलं, मग आम्ही कोण.

घरात अप्पा म्हणजे वडील, अव्वा म्हणजे आई, मी आणि अक्का. अप्पांची तुरीची आडत होती, त्यामुळं घराला कायम डाळीच्या टरफलाचा वास आणि सगळ्यांच्या नाकात बारीक खाज. अप्पा सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे, तेव्हा घरातलं सगळ्यात स्वच्छ पळीभर पाणी त्यांच्या पुढ्यात असायचं आणि तेच पुढं आम्हाला तीर्थ म्हणून मिळायचं. दुष्काळात मी तीर्थ दोनदा मागायचो, भक्ती म्हणून नव्हे. अप्पा बोलायला महाग माणूस. शब्द ते सोनाराच्या काट्यावर तोलून द्यायचे, आणि विनोद नावाची गोष्ट तर त्यांच्या दुकानात ठेवलेलीच नव्हती. सगळं बोलणं माझ्याकडं आलं होतं. एका घरात एवढंच बोलणं पुरतं, असं अव्वा म्हणायची. तिच्या भाकरी थापटण्याचा आवाज, त्यावर बांगड्यांचा ठेका, पाट्यावर शेंगदाण्याच्या चटणीची घरघर, आणि आमटीला पाणी कमी म्हणून येसराचं भाजकं पीठ इतकं घट्ट की वाटी उलटी केली तरी आमटी खाली यायची नाही, लटकून विचार करायची.

आणि ह्या सगळ्यात अक्का. महानंदा तिचं नाव, माझ्याहून थोडी मोठी, नांदेडला दिलेली. नागपंचमीला मी तिला आणायला गेलो होतो, भावानं जायची रीत आहे म्हणून. पंचमी झाली, झोके झाले, आणि मग प्रश्न उभा राहिला की परत कसं जायचं. आता ह्यात प्रश्न कसला, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडची रीत अशी की माहेरी आलेल्या लेकीला न्यायला जावई येतो. त्याला पाट मांडतात, गव्हाच्या खिरीची हुग्गी करतात, टोपी-नारळ देतात आणि मग तो मिरवत बायकोला घेऊन जातो. नांदेडकडच्या घरची रीत अशी की ज्यानं नेली त्यानंच परत आणून सोडायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण दाजी केळीच्या कामानं लातूरलाच आलेले होते आणि जाताना तिला घेऊन गेले. दुसऱ्या वर्षी मात्र इकडून ‘न्यायला या’ असा निरोप गेला आणि तिकडून ‘आणून सोडा’ असा आला.

अप्पांचं म्हणणं, सोडायला ती काय म्हैस आहे. लेक सोडून येणं म्हणजे टाकून येणं. तिकडं अक्काच्या सासूचं म्हणणं, न्यायला जातात ते रुसून गेलेलीला. आमची सून कुठं रुसलीय? आम्ही न्यायला गेलो तर जग म्हणंल, भांडण झालतं. दोघांचंही म्हणणं इतकं खरं होतं की तोड निघायला जागाच नव्हती. भांडण असतं तर मिटलं असतं. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचे तीळ कोरडे खाऊन झाले, आणि अक्का आपली घरात. नांदेडहून येणाऱ्या माणसांच्या तोंडून आता वेगळंच कानावर येऊ लागलं. सासूबाई मुलासाठी कुणाच्या तरी पुतणीची चौकशी करतात म्हणे. अव्वा हे ऐकून चूल फुंकायची, चूल पेटलेली असली तरी. अक्का गव्हातले खडे निवडायची, आणि त्या काही महिन्यांत तिनं आमच्या घरातले इतके खडे निवडले की त्यात एक बंगला उठला असता.

अशात आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे हिरवे सर उठले आणि म्हणाले, जिल्हा झाला, आता जगातले पिक्चर आले पाहिजेत. त्यांनी पुण्याहून कुठून तरी एक परदेशी पिक्चर मागवला. कुठल्या देशाचा ते सरांनी सांगितलं होतं, मी विसरलो. बर्फाच्या बाजूचा. मी त्यांचा उजवा हात, डावा हात आणि तोंड. उन्हाळ्याची भर दुपार, कॉलेजचा हॉल, खिडक्या झाकायला मी आडतीतली पोती आणलेली, त्यामुळं अंधार झाला खरा पण पहिला बराच वेळ सगळं लातूर शिंकत होतं. पडदा म्हणून सरांच्या घरची डबल बेडची चादर. तिची लांबी कमी पडली, म्हणून पिक्चरच्या खालच्या कडेला येणारी इंग्रजी अक्षरं चादरीवर न पडता पुढच्या रांगेतल्या माणसांच्या फेट्यांवर पडायची. वीरभद्रअप्पांच्या फेट्यावर मी स्वतःच्या डोळ्यांनी एक आख्खं वाक्य चालत गेलेलं पाहिलं. त्यातला ‘व्हाय’ एवढा एकच शब्द मला लागला. म्हणजे आपलं ‘कामून’.

गर्दी मरणाची. विलायती पिक्चर म्हटल्यावर पुरुषांच्या मनात जे असायचं तेच होतं आणि ते धूतवस्त्र नेसून, अत्तर लावून आलेले. सरांनी बायकांनाही आग्रहानं बोलावलं होतं. जिल्ह्यात बायकासुद्धा राहतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं एका बाजूला अव्वा, अक्का आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या पदर सावरून बसलेल्या, आणि दुसऱ्या बाजूचे अत्तरवाले हळूहळू खुर्चीत बुडत गेलेले.

पिक्चर असा. समुद्राच्या काठावर एक घर. त्यात एक बाई आणि तिचा नवरा. ना गाणं, ना मारामारी, ना तिसरं माणूस. बाई टेबलाशी बसून बटाटे सोलते. नवरा खिडकीतून समुद्र बघतो. आणि कोपऱ्यात एक नळ गळतोय. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप. ती ऐकते. तो ऐकतो. कुणी उठत नाही. चादरीवर त्या बाईचं तोंड एवढं मोठं आणि इतका वेळ दाखवलं की तिच्या गालावरचे ठिपके मला आमच्या गल्लीतल्या घरांसारखे पाठ झाले. आणि पुन्हा, टप.

आता हे दाखवलं कुणाला, तर आम्हाला. पहिल्या टपला हॉलभर सुस्कारा. पुढच्याला कुणीतरी जागचं उठलं आणि परत बसलं. मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी शांतपणानं म्हणाली, “अगं बाई, खाली तांब्या तरी लाव.” झालं. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी वायसर बदलायचा सल्ला दिला, कुणी म्हणालं सगळा समुद्र उशाला हाय त्यांच्या, त्यांना काय त्याचं, त्यावर दुसऱ्यानं समुद्र खारा असतो हे समजावून सांगितलं, आणि आमच्या पाणीवाटप कमिटीतल्या एका सभासदानं त्या घराचं कनेक्शन तोडायची सूचना मांडली. ती बहुमतानं मंजूर झाली. सर पडद्यापुढं येऊन हात जोडायला लागले तर त्या बाईचं नाक त्यांच्या टकलावर आलं. अव्वा मात्र हात जोडून बसली होती. तिला खात्री होती की ती गळती आहे, कुठलंसं व्रत असणार, देवावर धार धरलेली मोडू नये म्हणून बाई नळ बंद करत नाही. तिनं चादरीला नमस्कारसुद्धा केला.

अर्धा हॉल अर्ध्यातच उठून गेला. मी मात्र उठू शकलो नाही. खोटं मी पुष्कळ बोलतो पण हे खरं आहे. मला घाम फुटला होता, आणि उन्हाळ्याचा नव्हे. तोवर मी बघितलेल्या पिक्चरात भांडण म्हणजे ओरडणं, बशा फोडणं, दार आपटून जाणं. इथं एक बाई नुसती बसली होती आणि एक माणूस नुसता उभा होता, आणि मला वाटत होतं की आता ह्या घरात काहीतरी फुटणार. काही फुटलं नाही. शेवटी ती उठली, नळापाशी गेली, हात पुढं केला, आणि तेवढ्यात पिक्चर संपला. हात नळावर ठेवला का मागं घेतला, ते दाखवलंच नाही. पाटी आली, पोती काढली, उजेड आला, आणि माझ्या डोक्यात तेवढी एकच गोष्ट राहिली. तिनं नळ कामून बंद केला नाही?

(माझी नात म्हणते, आजोबा, पिक्चरचं नाव सांगा, मोबाइलवर आत्ता काढून देते. नाव पाटीवर आलं तेव्हा ते वीरभद्रअप्पांच्या फेट्यावर पडलं होतं. वीरभद्रअप्पा गेले, फेटाही गेला. मी तिला काय सांगू.)

पुढचे दिवस मी हाच प्रश्न घेऊन गावभर हिंडलो. हिरवे सरांनी मला बसवून माणसाच्या मूलभूत एकाकीपणाबद्दल समजावून सांगितलं. ते छान होतं पण त्यात नळ नव्हता. न्हाव्याच्या मते बाई मनातून खचलेली होती आणि तिला डोक्याला तेल लावायला हवं होतं. टँकरवाल्याचं म्हणणं, तो देश सरकारी असणार, नळ सरकारी, मग बंद कोण करणार. वीरभद्रअप्पांनी उलट मलाच विचारलं की बिल कोण भरत होतं. अप्पांना विचारलं तर ते बराच वेळ तुरीत हात फिरवत राहिले आणि म्हणाले, “वायसर गेला असंल.” एवढंच.

शेवटी मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का परात पुढ्यात घेऊन खडे निवडत बसली होती. अव्वा हंडा घेऊन रांगेत गेलेली. मी म्हणालो, गावाला विचारून झालं, तू राहिलीस, सांग. ती मान वर न करता म्हणाली, “त्यानं बंद करावा म्हणून.”

“पण त्याला बी ऐकू येतंय की.”

“तेच तर. ऐकू येतंय आणि उठत न्हाई. मग ही कामून उठंल?”

“आणि तो कामून उठत न्हाई?”

“तिचं सैपाकघर, तिचा नळ. ती उठंल म्हणून.” खडा बाजूला टाकला. “बसलेत दोघं.”

मी गाढव नव्हतो, असं मला तोवर वाटायचं. पण त्या परातीपुढं बसून मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात पंचमीपासून काय टपटपतंय ते. गंमत बघा, हिरवे सरांनी एवढ्या लांबून पिक्चर मागवला, आणि तो आमच्या घरी चालूच होता.

मग माझं डोकं चालायला लागलं, आणि माझं डोकं चाललं की पाय मागं राहत नाहीत. पिक्चरची पेटी नांदेडच्या एका कॉलेजात द्यायची होती. तिथल्या मंडळींना तो आधी पोरांना दाखवायचा होता आणि पुढच्या रविवारी गावाला. टपालाचा भरवसा नाही, मीच नेऊन देतो, असं मी सरांना म्हणालो. यष्टीत कंडक्टरनं पेटीत काय म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, जिल्ह्याचं सामान. त्यानं लगेच एका दाढीवाल्याला उठवून पेटीला खिडकीची जागा दिली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, दोन्ही बाजूंना रानं भाजलेल्या पापडासारखी, आणि मी वाटेत अव्वानं दिलेले धपाटे खात बसलो होतो आणि काय बोलायचं ते जुळवत होतो. एवढं जुळवलं की त्यात तीन पिक्चर निघाले असते.

दाजींच्या घरी केळीचा धंदा. अर्धापूरकडून कच्चे घड यायचे आणि घरामागच्या एका बंद खोलीत पिकत पडायचे. त्या घराला वासच असा गोड की मुंगी होऊन जन्म घ्यावा. दारात अक्काची सासू उभी. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही, माझ्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. “सोडायला आलास व्हय?” असं विचारून तिनं पुन्हा एकदा माझ्या खांद्यावरून रस्ता बघून घेतला, आणि त्या बघण्यात मला पहिल्यांदा वाटलं की कुणाच्या पुतणीची चौकशी वगैरे सगळं तोंडचं असावं. मी म्हणालो, न्हाई मावशी, पिक्चर घेऊन आलो. त्यावर तिनं मला पाणी दिलं, पण अर्धाच तांब्या. दुष्काळ होता म्हणून की आमच्यावर राग होता म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दाजी केळीच्या खोलीत होते. शिवलिंग त्यांचं नाव, उंच माणूस, बोलण्यात आमच्या अप्पांचे सख्खे भाऊ शोभतील असे. मी त्यांना ओढूनच कॉलेजात नेलं. तिथं खरा पडदा होता आणि अक्षरं जिथल्या तिथं पडत होती. पण ती वाचायला मला फुरसत नव्हती, कारण नळ गळायला लागला की मी दाजींच्या तोंडाकडं बघायचो. आता उमजंल, मग उमजंल. त्यांच्या तोंडावरची माशी हलली नाही. पिक्चर सुटल्यावर आम्ही गोदावरीच्या घाटावर गेलो. नदी म्हणजे त्या वर्षी वाळूत राहिलेली डबकी, त्यात म्हशी भाड्यानं राहिल्यासारख्या. मी दम खाऊन विचारलं, दाजी, तिनं नळ कामून बंद केला नाही?

“कुठला नळ?” दाजी म्हणाले.

मी खाली बसलो. आख्खा पिक्चर ज्या नळावर टांगलेला, तो ह्या माणसानं बघितलाच नव्हता. मला वाटलं, संपलं. ह्यांच्या कानाशी खरोखरच्या धबधब्याचा आवाज झाला तरी हे म्हणतील, काय, वारा आहे का.

मग पाण्याकडं बघत ते म्हणाले, “तू दार न्हाई बघितलं का?”

“कुठलं दार?”

“त्याच्या खोलीचं. तो निजायला जातो तवा कडी लावून नाही राहिला. नुसतं लोटून राहिला. तेवढ्या बर्फात. पडदा उडून राहिला वाऱ्यानं, गारठून राहिला तो, तरी कडी न्हाई.”

“कामून?”

“तिला यायचं असलं तर कडी वाजवायला लागू नये.” आणि पुढं, “कडी वाजवायची म्हणजे इचारल्यासारखं होतं.”

दोनदा पिक्चर बघून मला दार दिसलं नव्हतं. दाजींना नळ दिसला नव्हता. हिरवे सरांना तर दोन्हीही नाही, त्यांना एकाकीपण दिसलं. वीरभद्रअप्पांना बिल दिसलं. पिक्चर एकच होता, बरं का. तेव्हापासून कुणी मला म्हणालं की अमुक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, की मी आधी विचारतो, तुझ्या कुठल्या डोळ्यांनी.

लातूरला परत आल्यावर मी अक्काला सांगितलं. जसं घडलं तसं, मीठमसाला न लावता, आणि ते किती अवघड गेलं ते माझं मला ठाऊक. ती ऐकत होती, परात बाजूला ठेवून. मग म्हणाली, दार नव्हतंच. मी बघितलाय पिक्चर, मला नाही दिसलं दार. मी म्हणालो, मला तरी कुठं दिसलं, पण दाजी म्हणाले. त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी तिच्या जागी असतो तर तसंच बघितलं असतं. तुझ्या हातच्या चहाचं ऐकून कलेक्टर आपल्या घरी चहाला येणार आहेत, असं मी तिला एकदा पटवलं होतं, आणि तिनं त्यासाठी नवीन कप काढून ठेवले होते.

“ते म्हणले का तू म्हणून राहिलास?” नांदेडचं बोलणं तिच्या तोंडात आलं होतं, तिला कळलंसुद्धा नाही.

“तेच म्हणले. लिंगाची शप्पथ.”

बाहेर टँकरचा भोंगा झाला, हंडे खडखडले, गल्ली धावली. अक्का हलली नाही. मग हळूच म्हणाली, “तूच जुळवलं असतंस तर दारात वाघ उभा केला असतास. नुसतं लोटलेलं दार तुला सुचायचं न्हाई.”

माझ्या सगळ्या हयातीत माझ्या बोलण्याला मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र. आणि त्यावर तिनं एक वाक्य आणखी जोडलं, जे आमच्या घरात त्या सगळ्या काळात कुणाला सुचलं नव्हतं. “मला ते दार बघायचंय.”

रविवारी सकाळी अक्का पिशवी घेऊन निघाली. ट्रंक नाही, वळकटी नाही, एक लुगडं आणि धपाट्यांचा डबा. ट्रंक घेतली असती तर ते जाणं झालं असतं. अप्पा ओट्यावर होते. कुठं, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नांदेडला, पिक्चर बघायला. अप्पांनी तो शब्द काट्यावर ठेवला. मला दिसत होतं, एका पारड्यात सोडायला, एका पारड्यात न्यायला, आणि हे तिसरं कुठं ठेवायचं ह्याचा हिशेब लागेना. मग त्यांनी अक्काकडं बघून विचारलं, “सोडायला न्हाई ना?”

“न्हाई अप्पा,” अक्का म्हणाली. “बघायला.”

“बघायला जायला काय हरकत न्हाई,” अप्पा म्हणाले, आणि एकदम आत निघून गेले. अव्वा दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावलेला. परत कधी येणार, हे कुणी विचारलं नाही.

नांदेडच्या त्या हॉलात बायकांची बाजू वेगळी. अक्का तिकडं बसली. मी दाजींना निरोप धाडला नव्हता. आता ह्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका, पण मी खरंच धाडला नव्हता. ते पुरुषांच्या बाजूला पार कडेला बसलेले दिसले. मी गेलो आणि विचारलं, दाजी, पुन्हा? ते म्हणाले, तू नळ म्हणत होता, तो ऐकावा म्हणलं. त्यांना माझ्या मागची बायकांची बाजू अजून दिसली नव्हती. मग दिसली. त्यांनी पायातली चप्पल काढली, परत घातली, आणि अंधार झाला.

आता तुम्ही मला विचाराल, की बाबा, तिसऱ्यांदा तरी बघितलंस ना, दार होतं का? मी काय सांगू. मी पडद्याकडं बघितलंच नाही. मी एकदा इकडं बघायचो आणि एकदा तिकडं, आणि माझी मान सुताराच्या करवतीसारखी चालू होती. पडद्यावर टप झालं की दाजींची मान थोडी खाली जायची. एका जागी, पिक्चर बराच पुढं गेल्यावर, अक्कानं हातातला डबा मांडीवर घट्ट धरला आणि पुढं झुकली. तिथं ते दार असणार. एवढंच मी शपथेवर सांगू शकतो.

बाहेर पायऱ्यांवर ऊन मावळतीला आलेलं. दोघं समोरासमोर, मध्ये मी, आणि मी मध्ये असू नये हे मला उमगायला जरा वेळच लागला. मी दोन पायऱ्या खाली उतरून चप्पल तुटल्याचं सोंग केलं.

“होतं दार,” अक्का म्हणाली.

“नळ बी होता,” दाजी म्हणाले. “लई गळून राहिला होता.”

मग चला असं कुणी म्हणालं नाही, आणि येऊ का असंही कुणी म्हणालं नाही. ते चालायला लागले. पहिल्यांदा दाजी अर्धं पाऊल पुढं होते, ते थबकले. मग अक्का पुढं गेली, तर ती थबकली. असं करत करत, चौक येईतो, दोघं इतके बरोबरीनं चालायला लागले की कोण कुणाला नेतंय आणि कोण कुणाच्या मागं येतंय, हे नांदेडच्या कुठल्या पंचालाही सांगता आलं नसतं. धपाट्यांचा डबा मात्र तेवढ्यात ह्या हातातून त्या हातात गेला होता. कधी गेला, तेही मी बघितलं नाही. मावशी दारात होती. तिनं मागं कोण आहे म्हणून बघितलं नाही, पुढं कोण आहे तेही विचारलं नाही. तिनं एकदम म्हटलं की केळी आज चांगली पिकलीत, आणि आत जाऊन पूर्ण भरलेला तांब्या आणला.

मी दुसऱ्या दिवशीच्या यष्टीनं एकटाच लातूरला उतरलो. पेटी नाही, अक्का नाही, हातात केळीचा घड तेवढा. गल्लीत शिरलो तर वीरभद्रअप्पा ओट्यावरून उतरून वाटेतच उभे होते. त्यांनी घड बघितला, माझ्या मागं बघितलं, आणि मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, आमच्या अप्पांना विचारलं, “मग, कोण आलतं म्हणं न्यायला?”

“कुणी न्हाई,” अप्पा म्हणाले. ते तुरीचं पोतं शिवत होते.

“मग सोडलं कुणी?”

“कुणी न्हाई. पिक्चर बघायला गेलीय.”

“कधीचा पिक्चर त्यो? काल गेली म्हणता, आज सोमवार उजाडला.”

अप्पांनी दाभण पोत्यात खुपसलं, सुतळी ओढली, गाठ मारली. अव्वा आतून ऐकत होती, तिचं भाकरीचं थापटणं थांबलं होतं. अप्पा तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलू न देता म्हणाले, “विलायती हाय, वीरभद्रअप्पा. लांबडा असतो. अजून सुटला न्हाई.”